‘काशे’ (२००५) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिखाएल हानेके यांच्या ‘काशे’ या फ्रेंच चित्रपटाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. पूर्वार्ध चित्रपट न पाहिलेल्यांनीही निर्धास्तपणे वाचावा. उत्तरार्धात मात्र शेवटासकट सगळे उघड केले आहे, आणि तो कोठे सुरू होतो हे तेथे ठळकपणे सांगितले आहे.

नावाचा उच्चार आणि अर्थ काय?

उच्चार ‘काशे’. इंग्रजी वळणाने ‘कॅश’ किंवा ‘कॅचे’ असे म्हटलेले अनेकदा ऐकू येते, पण ते बरोबर नाही. ब्रिटनमध्ये हा चित्रपट ‘हिडन’ या नावाने प्रदर्शित झाला.

अर्थ सांगताना मराठी माणसाची थोडी पंचाईत होते, आणि ती चित्रपटाच्या दृष्टीने बोलकी आहे. आपल्याला ‘दडलेले’ आणि ‘दडवलेले’ यांपैकी एक शब्द निवडावा लागतो. पहिल्यात वस्तू आपली आपण दडून असते, दुसऱ्यात ती कोणीतरी मुद्दाम नजरेआड केलेली असते. फ्रेंच शब्दात हे दोन्ही अर्थ सामावतात. चित्रपटातील मुख्य पात्र आपल्या भूतकाळाबद्दल बोलते तेव्हा ते सतत पहिल्या अर्थाचा आधार घेते, आणि चित्रपट त्याला हळूहळू दुसऱ्या अर्थाकडे ढकलत नेतो.

शेवट न सांगता कथा सांगता येईल का?

येईल. जॉर्ज लोराँ हा पॅरिसमधील दूरचित्रवाणीवर पुस्तकांविषयीचा गप्पांचा कार्यक्रम चालवणारा, चेहऱ्याने ओळखला जाणारा गृहस्थ आहे. त्याची पत्नी आन प्रकाशन व्यवसायात आहे आणि पिएरो नावाचा बारा वर्षांचा मुलगा पोहण्याच्या स्पर्धांत भाग घेतो. एके दिवशी त्यांच्या दारात प्लास्टिकच्या पिशवीत एक व्हिडिओ कॅसेट सापडते. तीत त्यांच्याच घराचे बाहेरून केलेले, दोन तासांहून अधिक लांबीचे चित्रण आहे. माणसे येतात, जातात, गाड्या सरकतात; बाकी काही घडत नाही. मग दुसरी कॅसेट येते, आणि तिच्याभोवती लहान मुलाने काढावे तसे एक चित्र गुंडाळलेले असते: एक चेहरा आणि तोंडातून वाहणारे लाल रक्त. त्या चित्राने जॉर्जला काहीतरी आठवते, पण ते तो बायकोला सांगत नाही. घराला खरी भेग पडते ती तेथे.

हा रहस्यपट आहे की कौटुंबिक चित्रपट?

दोन्ही आहे, आणि दोन्हींची वीण सोडवता येत नाही. रहस्यपटाची सगळी सामग्री येथे आहे: निनावी पाठवणारा, एकापाठोपाठ मिळणारे दुवे, फीत थांबवून रस्त्याच्या पाटीवरची अक्षरे वाचणारे नवरा-बायको, संशयिताच्या दारावर जाऊन पडलेली थाप. तपास करणारा मात्र येथे पोलीस किंवा गुप्तहेर नसून स्वतः जॉर्जच आहे, आणि ज्या गोष्टीचा शोध लागावा असे त्याला मनातून मुळीच वाटत नाही तिचाच शोध त्याला घ्यावा लागतो. सर्वांना दिवाणखान्यात जमवून गुन्हेगाराकडे बोट दाखवले जाईल, अशा अपेक्षेने बसणाऱ्याची निराशा होईल, हे आधीच सांगितलेले बरे.

सुरुवातीची काही मिनिटे पडद्यावर एकच रस्ता दिसतो. प्रत बिघडलेली आहे का?

प्रत ठीक आहे. हा प्रश्न सर्वांत अधिक वेळा येतो आणि त्यात हसण्यासारखे काही नाही, कारण गोंधळ उडावा अशीच योजना आहे. एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी कॅमेरा स्थिर उभा आहे, समोर झाडाझुडपांनी झाकलेले घर आहे, आणि श्रेयनामावली बारीक टायपात एकेक अक्षर टंकत असल्यासारखी त्या चित्रावर उमटत जाते. ती इतकी बारीक असते की वाचण्याच्या नादात घराकडे दुर्लक्ष होते. मग चित्र तसेच असताना दोन आवाज ऐकू येतात. पुरुष विचारतो, “मग?” बाई म्हणते, “काही नाही.” काही वेळाने त्याच चित्रावर फीत पळवल्यावर पडतात तशा आडव्या रेषा उमटतात, आणि तेव्हा लक्षात येते की आपण रस्ता पाहत नव्हतो, तर त्या घरात आलेली कॅसेट त्या घरातल्या माणसांबरोबर बसून पाहत होतो.

यानंतर प्रत्येक स्थिर दृश्य संशयास्पद होते. हे आत्ता घडते आहे की कोणी आधीच टिपलेले आहे? चित्रपटभर हा प्रश्न मानगुटीवर बसतो. हानेके आणि छायाचित्रणकार क्रिस्तियान बेर्गर यांनी संपूर्ण चित्रपट डिजिटल हाय डेफिनिशन कॅमेऱ्यावर चित्रित केला, आणि त्यामुळे ‘कॅसेटमधील चित्र’ व ‘चित्रपटातील चित्र’ यांचा पोत सारखाच राहिला. फिल्मवर चित्रण केले असते तर दोन्हींतला फरक डोळ्यांना लगेच कळला असता.

याला ‘लहान’ चित्रपट म्हणतात, तो नेमका किती लहान?

लांबी जेमतेम दोन तासांची आहे. घटनास्थळे मोजकी: जॉर्जचे घर, त्याचा स्टुडिओ, गावाकडचा वाडा जेथे त्याची आई राहते, आणि पॅरिसच्या पूर्वेच्या रोमँव्हील या उपनगरातील स्वस्त घरांच्या इमारतीतली एक खोली. पाठलाग नाही, गोळीबार नाही. नायकाचे घर आणि त्याचा स्टुडिओ या दोन्ही ठिकाणी भिंतभर पुस्तके आहेत. घरातली खरी, स्टुडिओतली देखाव्याची. पडद्यावर मात्र दोन्ही सारखीच दिसतात, आणि हा विनोद हानेके यांनी कोठेही बोलून दाखवलेला नाही.

पार्श्वसंगीत का नाही?

कारण संगीत प्रेक्षकाला केव्हा घाबरायचे ते सांगते, आणि हानेके यांना ते सांगायचे नाही. वाहनांचा आवाज, पक्षी, दाराची घंटा, दूरचित्रवाणीवरच्या बातम्या, एवढेच ऐकू येते. संगीताची उणीव पहिल्या अर्ध्या तासानंतर जाणवेनाशी होते.

कलाकार कोण आहेत?

जॉर्जची भूमिका दानिएल ओतॉय यांनी आणि आनची जुलिएत बिनोश यांनी केली आहे. जॉर्जच्या आईच्या एकाच, पण विसरता न येणाऱ्या प्रसंगात आनी जिरार्दो दिसतात. मोरिस बेनिशू आणि वालिद अफ्कीर यांच्या भूमिकांविषयी उत्तरार्धात लिहिले आहे. येथे एक योगायोग सांगण्याचा मोह आवरत नाही. ओतॉय यांचा जन्म १९५० साली अल्जीर्समध्ये झाला आणि बेनिशू यांचाही अल्जीरियातच, त्लेम्सेन येथे. चित्रपटात एकमेकांसमोर उभी ठाकलेली ही दोन माणसे प्रत्यक्षात एकाच भूमीत जन्मलेली आहेत.

हानेके यांच्या बहुतेक चित्रपटांत नवरा-बायकोची नावे जॉर्ज आणि आन, किंवा जर्मनमध्ये गेऑर्ग आणि आना, अशीच असतात. त्यामुळे नावांत खूण शोधू नये.

घरातल्या सर्वांनी एकत्र बसून पाहण्यासारखा आहे का?

लहान मुलांबरोबर पाहू नये. रक्तपात दोनच ठिकाणी आहे, पण तो अचानक येतो आणि कॅमेरा नजर वळवत नाही. त्यातला एक प्रसंग कोंबड्याच्या कत्तलीचा आहे आणि दुसऱ्यात आत्महत्या आहे. ज्यांना हे दोन विषय झेपत नाहीत त्यांनी आधी विचार करावा.

येथून पुढे रहस्यभेद आहे. चित्रपट पाहायचा असेल तर वाचन येथेच थांबवावे.

जॉर्जने लहानपणी नेमके काय केले होते?

त्याच्या आई-वडिलांच्या शेतवाडीवर एक अल्जीरियन जोडपे कामाला होते आणि त्यांचा माजिद नावाचा मुलगा होता. ऑक्टोबर १९६१ मध्ये हे जोडपे पॅरिसमधील मोर्चाला गेले ते परतलेच नाही. जॉर्जच्या आई-वडिलांनी माजिदला दत्तक घ्यायचे ठरवले. सहा वर्षांच्या जॉर्जला आपल्या खोलीत, आपल्या घरात वाटेकरी नको होता. त्याने आधी सांगितले की माजिद खोकताना रक्त ओकतो. डॉक्टरने तपासले, काही निघाले नाही. मग जॉर्जने माजिदला सांगितले की बाबांनी कोंबडा मारायला सांगितले आहे. माजिदने कुऱ्हाडीने कोंबड्याची मान उडवली, तो रक्ताने माखला, आणि जॉर्जने घरात जाऊन सांगितले की माजिदने मला घाबरवण्यासाठी हे केले. माजिदची रवानगी अनाथालयात झाली.

कॅसेटभोवती गुंडाळलेली ती दोन चित्रे, रक्त ओकणारा चेहरा आणि मान कापलेला कोंबडा, म्हणजे या दोन खोटेपणांची नोंद आहे. घराबाहेरच्या कोणालाही ती पोरकट रेघोट्या वाटतील. जॉर्जला मात्र ती वाचता येतात.

जॉर्ज हे आनला एका दमात सांगत नाही. संशयिताचा पत्ता सापडल्यावर तो माजिदकडे जाऊन येतो आणि घरी फोन करून सांगतो की दार कोणी उघडलेच नाही. त्यानंतर त्या भेटीचीच कॅसेट घरी येते आणि आन ती पाहते. आपल्या नवऱ्याचा खोटेपणा तिला परक्याच्या कॅमेऱ्यातून कळतो, ही जखम चित्रपट संपेपर्यंत भरत नाही.

१७ ऑक्टोबर १९६१ ला खरोखर काय घडले?

हा भाग काल्पनिक नाही. अल्जीरियाचे स्वातंत्र्ययुद्ध १ नोव्हेंबर १९५४ रोजी सुरू झाले होते आणि जुलै १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला. युद्धाच्या अखेरच्या वर्षात, ५ ऑक्टोबर १९६१ रोजी, पॅरिसच्या पोलीस खात्याने फक्त अल्जीरियन मुसलमानांना उद्देशून रात्री साडेआठ ते पहाटे साडेपाच अशी संचारबंदी जाहीर केली. तिच्या निषेधार्थ अल्जीरियाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीने १७ तारखेला मोर्चाची हाक दिली. हजारो माणसे, त्यांत बायका-मुलेही, उपनगरांतून शहरात आली. पोलिसांनी त्यांना झोडपले, काहींना गोळ्या घातल्या, काहींना सेन नदीत फेकले. अकरा हजारांहून अधिक लोकांना पकडून क्रीडागृहांत डांबण्यात आले. सरकारने त्या वेळी मृतांचा आकडा तीन असा सांगितला. मृतांची खरी संख्या आजही वादात आहे. इतिहासकारांचे अंदाज काही डझनांपासून दोनशेच्या पुढे जातात.

पोलीसप्रमुख होते मोरिस पापों. त्यांचे नाव चित्रपटात जॉर्जच्या तोंडी एकदाच, ओझरते येते. याच पापों यांना १९९८ मध्ये मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांतील सहभागाबद्दल शिक्षा झाली, पण ती १९६१ साठी नव्हे, तर दुसऱ्या महायुद्धात बोर्दोमधून ज्यूंना छळछावण्यांकडे धाडल्याबद्दल. सेनवरील साँ-मिशेल पुलाजवळ स्मृतिफलक लागायला २००१ साल उजाडावे लागले. राष्ट्राध्यक्ष ओलांद यांनी २०१२ मध्ये त्या रक्तरंजित दडपशाहीची कबुली दिली आणि २०२१ मध्ये माक्राँ यांनी हे गुन्हे प्रजासत्ताकाला अक्षम्य असल्याचे म्हटले.

या तारखा येथे सविस्तर दिल्या त्याला कारण आहे. जॉर्ज आनला ही हकिगत सांगताना तारखेचा उल्लेख अशा सुरात करतो की जणू एवढे म्हटले म्हणजे पुरे, पुढचे सर्वांना ठाऊकच आहे. प्रत्यक्षात फ्रान्समधील कित्येक प्रेक्षकांनाही ते ठाऊक नव्हते. घरात न बोलली जाणारी गोष्ट आणि देशात न बोलली जाणारी गोष्ट एकाच वाक्यात येऊन जातात, आणि दोन्ही तेवढ्याच घाईने मागे टाकल्या जातात.

दिग्दर्शक ऑस्ट्रियन असताना फ्रान्सचे पाप उगाळण्याचे कारण काय?

हा आक्षेप चित्रपट आला तेव्हाही घेतला गेला. हानेके यांनी त्यावर सांगितले आहे की त्यांना या हत्याकांडाची माहिती दूरचित्रवाणीवरील माहितीपटातून मिळाली, इतकी वर्षे हे कोणी बोलले कसे नाही याचा धक्का बसला, आणि अशी गोष्ट कोणत्याही देशात घडवता आली असती, कारण प्रत्येक देशाच्या अंगावर असा काळा डाग असतो. ऑस्ट्रियाच्या डागाविषयी त्यांनी इतरत्र पुरेसे बोललेले आहे.

चित्रपट फ्रान्समध्ये ५ ऑक्टोबर २००५ रोजी प्रदर्शित झाला. त्याच महिन्याच्या २७ तारखेला क्लिशी-सू-ब्वा या उपनगरात पोलिसांना घाबरून विजेच्या उपकेंद्रात लपलेली दोन मुले मृत्युमुखी पडली आणि देशभरातील उपनगरे पेटली. चित्रपटाने भाकीत केले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण त्या आठवड्यांत तो पाहणाऱ्यांना माजिदच्या इमारतीचा लांबलचक मार्ग केवळ कथेतला राहिला नसणार.

कॅसेट कोणी पाठवल्या?

संशयितांची यादी लहान आहे. माजिद स्पष्ट नकार देतो, आणि जॉर्ज निघून गेल्यावर तो टेबलाशी बसून हमसून हमसून रडतो हे कॅसेटमध्ये दिसते. आपण चित्रित होत आहोत हे त्याला ठाऊक असते तर ते रडणे नाटक ठरेल, आणि बेनिशू यांचा अभिनय पाहून तसे मानायला मन तयार होत नाही. माजिदचा मुलगाही शेवटी जॉर्जच्या कचेरीत येऊन नाकारतो, पण त्या खोलीत कॅमेरा ठेवणे त्याला सर्वांत सोपे होते. पिएरोच्या आई-वडिलांवरील रागाला कारणे आहेत, मात्र कोंबड्याची गोष्ट त्याला कोणीतरी सांगितलेली असायला हवी. तो आणि माजिदचा मुलगा, दोघांनी मिळून हे केले, असा तर्क शेवटच्या दृश्यामुळे बळकट होतो.

आता अडचण पाहा. पहिल्या कॅसेटमध्ये जॉर्ज घरातून बाहेर पडून थेट कॅमेऱ्याच्या जवळून जातो. गल्ली अरुंद आहे. तेथे कॅमेरा असता तर तो दिसलाच असता, आणि हे जॉर्ज स्वतःच बोलून दाखवतो; गाडीत ठेवला असावा म्हणावे तर काचेतून इतके स्वच्छ चित्र येत नाही. चित्रपट हा मुद्दा उपस्थित करतो आणि तसाच सोडून देतो. म्हणून काही समीक्षकांचे म्हणणे असे की कॅसेट पाठवणारा चित्रपटाच्या आत नाहीच. तो दिग्दर्शक आहे, कारण कॅमेरा अदृश्यपणे कोठेही ठेवण्याचे सामर्थ्य त्याच्याकडेच असते. हे उत्तर चतुर आहे, पण मला ते पूर्ण पटत नाही, कारण त्याने माजिदचे दुःख एक युक्ती होऊन बसते.

हानेके यांनी कधीही खुलासा केलेला नाही, आणि माझा कल मुलांकडे आहे, एवढेच म्हणता येईल. परंतु एक गोष्ट मात्र पुराव्यानिशी सांगता येते आणि ती बहुतेक चर्चांत सुटून जाते. कॅसेटमध्ये एकही धमकी नाही. पैशांची मागणी नाही, आरोप नाही, निवेदन नाही, शब्दच नाहीत. एक घर आहे, एक रस्ता आहे, एक जुना वाडा आहे, एक दार आहे. चित्रपटात धमक्या येतात त्या सगळ्या जॉर्जकडून. माजिदच्या खोलीत उभा राहून तो त्याला पाहून घेण्याची भाषा करतो, आणि माजिद मात्र त्याला बसायला सांगतो. पिएरो रात्री घरी आला नाही तेव्हा जॉर्ज पोलीस घेऊन त्याच दारात जातो. बाप-लेकाला रात्रभर कोठडीत बसवले जाते, आणि सकाळी पिएरो मित्राच्या घरून सुखरूप परत येतो. चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते हेच. समोर ठेवलेल्या कोऱ्या चित्रात धमकी वाचणारा माणूस आपला गुन्हा आपल्याच तोंडाने सांगत असतो.

माजिदने जॉर्जला बोलावून त्याच्यासमोरच जीव का दिला?

त्याचे शेवटचे वाक्य असे: तू हजर असावास असे मला वाटत होते. मग खिशातून वस्तरा काढतो आणि क्षणार्धात सगळे संपते. दृश्य एकाच अखंड चित्रणात आहे आणि कॅमेरा बरोबर त्याच जागी आहे जेथून आधीच्या भेटीची कॅसेट घेतली गेली होती. जॉर्ज खोलीत येरझारा घालतो, खोकतो, मदतीसाठी लगेच काहीही करत नाही. त्यानंतर तो चित्रपट पाहायला जातो. काळोखात बसून काढलेले ते दोन तास दाखवलेले नाहीत. आपल्याला केवळ चित्रपटगृहातून बाहेर पडणारा जॉर्ज दिसतो.

‘हजर’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. चाळीस वर्षांपूर्वी माजिदला ओढून नेले तेव्हाही जॉर्ज हजर होता.

सहा वर्षांच्या मुलाला इतके दोषी धरणे अन्याय नाही का?

अन्याय आहेच, आणि जॉर्ज हाच युक्तिवाद करतो. धाकट्या भावंडाचा मत्सर करणारे, दुसऱ्यावर आळ घेणारे मूल कोणत्या घरात नसते? मोठ्यांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि एका अनाथ मुलाला घालवून दिले, हा निर्णय मोठ्यांचा होता. पण चित्रपट सहा वर्षांच्या मुलाची चौकशी करत नाही. तो पन्नाशीच्या माणसाला पाहतो, ज्याला एका दुपारी जुन्या सोबत्याच्या स्वयंपाकघरात बसून दोन शब्द बोलण्याची संधी मिळते आणि जो ती संधी दम देण्यात घालवतो. आईशी झालेल्या भेटीतही हेच आहे. अंथरुणात पडलेल्या म्हाताऱ्या आईला तो माजिदविषयी विचारतो, ती त्या आठवणीत शिरायला तयार होत नाही, आणि तिने विषय बंद केल्यावर त्याच्या चेहऱ्यावर दिसते ती चक्क सुटका. या घरात झाकली मूठ सव्वा लाखाची हा संस्कार एका पिढीचा नाही.

सायकलवाल्याच्या भांडणाचा कथेशी काय संबंध?

कथानकाशी काहीच नाही. पोलीस चौकीतून बाहेर पडून जॉर्ज न बघता रस्त्यावर उतरतो आणि सायकलवरून जाणारा एक कृष्णवर्णीय तरुण त्याला धडकता धडकता वाचतो. जॉर्ज त्याच्यावर खेकसतो, तरुण मागे वळून येतो आणि सांगतो, पुन्हा ओरडून दाखव. जॉर्ज गप्प होतो, आन मध्ये पडून मिटवते. जेमतेम एका मिनिटाचा प्रसंग आहे. चूक आपली आणि आवाजही आपलाच मोठा, हा स्वभाव भूतकाळाचा नाही, आजचा आहे, एवढे त्यातून दिसते.

आन आणि तिचा मित्र पिएर यांचे काही प्रकरण आहे का?

पिएरोला तसे वाटते, आन नाकारते. उपाहारगृहात ती पिएरच्या खांद्यावर डोके टेकवून रडते त्यापलीकडे चित्रपट काही दाखवत नाही. नवऱ्याकडे ‘तू माझ्यावर विश्वास ठेवत नाहीस’ म्हणून तक्रार करणाऱ्या बाईचेही काही दडलेले असू शकते, एवढी शंका पेरून हानेके पुढे जातात.

शेवटच्या दृश्यात काय घडते? मला काहीच दिसले नाही.

मलाही पहिल्यांदा दिसले नव्हते. शाळा सुटली आहे, पायऱ्यांवर मुलांची गर्दी आहे, पालक गाड्यांत वाट पाहत आहेत आणि कॅमेरा समोर, दूरवर स्थिर आहे. डाव्या बाजूला, पायऱ्यांच्या वरच्या भागात पिएरो मित्रांबरोबर उभा आहे. उजवीकडून माजिदचा मुलगा गर्दीतून वर जातो, पिएरोला बाजूला घेतो आणि दोघे खाली येऊन बोलत उभे राहतात. बोलणे ऐकू येत नाही. थोड्या वेळाने तो निघून जातो, पिएरो पुन्हा मित्रांत मिसळतो, आणि श्रेयनामावली चढू लागते. हानेके यांनी या दोघांसाठी संवाद लिहिले होते आणि ते उघड न करण्याची ताकीद कलाकारांना दिली होती, असे त्यांनीच सांगितले आहे.

ही दोघांची पहिली भेट आहे की जुनी ओळख, यावर सर्व अवलंबून आहे आणि चित्रात दोन्हींना जागा आहे. एकाला त्यात कट दिसतो, दुसऱ्याला बापांनी जे टाळले ते मुलांनी सुरू केले असे वाटते. मला त्यांच्या उभे राहण्यात वैर दिसत नाही, पण चित्र इतके दूरचे आहे की यावर पैज लावणार नाही.

वालिद अफ्कीर आणि मोरिस बेनिशू यांना आधी कोठे पाहिले आहे?

हानेके यांच्याच २००० सालच्या ‘कोड अननोन’ मध्ये. तेथे भुयारी रेल्वेत बिनोश यांच्या पात्राला छळणारा, तिच्यावर थुंकणारा तरुण म्हणजे अफ्कीर, आणि उठून त्याला आवरणारा वयस्कर प्रवासी म्हणजे बेनिशू. ‘काशे’त ते दोघे बाप-लेक होऊन येतात. तो प्रसंग आठवत असलेल्या प्रेक्षकाच्या मनात माजिदच्या मुलाविषयी आधीच थोडी भीती असते, आणि तो तरुण मात्र कचेरीतल्या प्रसंगात जॉर्जशी शेवटपर्यंत संयमाने बोलतो. एका माणसाचा जीव सदसद्विवेकावर घेऊन जगताना कसे वाटते ते पाहायचे होते, एवढेच तो सांगतो.

पुरस्कार मिळाले, पण ऑस्कर का नाही?

कान महोत्सवात २००५ मध्ये हानेके यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीच्या युरोपीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता आणि संकलन असे प्रमुख मान या चित्रपटाकडे गेले. ऑस्करसाठी ऑस्ट्रियाने तो पाठवला, पण चित्रपट पाठवणाऱ्या देशाच्या भाषेत असावा असा तेव्हा नियम होता. ऑस्ट्रियाची भाषा जर्मन, चित्रपट फ्रेंच. प्रवेशिका फेटाळली गेली. अशा तक्रारींनंतर पुढच्याच वर्षी तो नियम बदलला. त्याचा लाभ लगेच मिळाला तो आपल्या ओळखीच्या एका चित्रपटाला: दीपा मेहता यांचा हिंदी भाषेतील ‘वॉटर’ कॅनडातर्फे पाठवला गेला आणि त्याला नामांकन मिळाले. पुढे हानेके यांच्याच ‘आमूर’ने, ऑस्ट्रियातर्फे आणि फ्रेंच भाषेत, २०१३ मध्ये तो पुरस्कार जिंकला.

दुसऱ्यांदा पाहताना कशाकडे लक्ष द्यावे?

शक्य असेल तर मोठ्या पडद्यावर पाहावा, कारण शेवटची भेट मोबाईलवर सापडणार नाही. जॉर्ज आपल्या कार्यक्रमाचे संकलन करताना पाहुण्याचे नको ते बोलणे कापायला सांगतो तो छोटा प्रसंग या वेळी वेगळा वाटेल. पिएरो बेपत्ता असताना दिवाणखान्यातल्या दूरचित्रवाणीवर इराकच्या बातम्या चालू आहेत आणि त्यांच्यापुढे उभे राहून नवरा-बायको फोन करत आहेत, त्यांच्या पाठीमागचा तो पडदाही पाहावा.

आणि शाळेच्या पायऱ्यांच्या आधीचे दृश्य. जॉर्ज भर दुपारी घरी येतो, झोपेच्या गोळ्या घेतो, पडदे ओढून अंथरुणात शिरतो. मग जुना वाडा दिसतो, दूरवरून, अंधाऱ्या कोठाराच्या आतून. एक मोटार येते. जॉर्जचे आई-वडील दारात आहेत. माजिदला बाहेर आणतात. तो पळू पाहतो, त्याला पकडून गाडीत घालतात, त्याचे ओरडणे अंगणाच्या त्या टोकाहून अस्पष्ट ऐकू येते. मोठी माणसे घरात जातात, गाडी निघून जाते. कोठाराच्या काळोखात जेथे कॅमेरा आहे, तेथे त्या दिवशी कोण उभे होते हे आता आपल्याला ठाऊक असते.